कड्याच्या वरची मुरी

गंगापूर रोड, नाशिक
११ जुलै १९९९

चि. तृप्ती,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हैदराबादला पीएच.डी.साठी तुझा नंबर लागल्याचं कार्ड मिळालं. वाचून बरं वाटलं. द्राक्षबाग सोडून पोरगी माशांमागे कशाला धावते, असं तुझे वडील निफाडच्या स्टँडवर मला विचारत होते. माझ्या वडिलांचंही तेच म्हणणं होतं, आणि निवृत्त होईपर्यंत मला ते खोडून काढता आलं नाही. बघ तुला जमतं का.

आता कामाचं. बी.एस्सी.ला असताना तुम्हा सगळ्यांना मी कळवणच्या पश्चिमेला करवंदपाड्याला नेलं होतं. तू बूट भिजले म्हणून रडली होतीस. तिथला ओहळ एका कड्यावरून खाली पडतो आणि पुढे गिरणेला मिळतो. कड्याखाली, नदीत, सगळीकडे सापडते ती साधी मुरी, बोटाएवढी मासोळी, दगडाखाली बसणारी. कड्याच्या वर मात्र काळी मुरी आहे. साध्या मुरीच्या अंगावरून कल्ल्यापासून निघालेली बारीक टोचल्यासारखी रेघ पाठीवरच्या पंखाखाली संपते. काळीची शेपटीपर्यंत जाते. वीस वर्षांत मी दोनशेच्या वर मासे भिंगाखाली धरले, एकदाही फरक पडला नाही. खालचा मासा तो कडा चढू शकत नाही. म्हणजे वरचे कधीपासून वेगळे पडले असतील, तूच सांग.

१९८२ साली मी हे कलकत्त्याच्या एका तज्ज्ञांना कळवलं होतं. दीड ओळीचं उत्तर आलं: पाण्याच्या गुणाने मासे काळे पडतात. त्यानंतर स्टाफरूममध्ये मला काय नाव पडलं होतं ते तुलाही माहीत आहे, तुम्ही पोरंही मागून तेच म्हणायचात.

तुमच्या प्रयोगशाळेत म्हणे माशाच्या रक्तातलं लिहिलेलं वाचता येतं. माझ्या बरण्यांतले सहा मासे पाठवतो आहे. वाच, आणि काय असेल ते स्पष्ट सांग.

तुझा,
वा. ना. पगार


हैदराबाद
२० सप्टेंबर १९९९

आदरणीय सर,
सा. न.

कसं लिहू कळत नाही. सहाही माशांतून काही निघालं नाही. आम्ही पंखाचा नखाएवढा तुकडा घेतो, त्यातला डीएनए मोकळा करतो आणि त्याच्या एका ठराविक भागाच्या मशीनमध्ये लाखो प्रती काढतो. मग तो भाग अक्षर अक्षर वाचता येतो. दोन मासे किती काळापूर्वी वेगळे झाले याचा अंदाज त्या अक्षरांतल्या फरकावरून येतो. तुमच्या माशांच्या वेळी मशीनमधून कोरं पाणी बाहेर आलं. तीनदा केलं.

दोष तुमचा नाही. फॉर्मालिनमध्ये ठेवलं की मासा दिसायला शंभर वर्षं टिकतो, पण आतला डीएनए तुटून त्याचा भुगा होतो. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, जुन्या प्राध्यापकांचे सगळे संग्रह असेच वाया गेलेत. मासा पकडल्या पकडल्या निव्वळ अल्कोहोलमध्ये टाकायला हवा, आणि लेबल पेन्सिलीने लिहायला हवं, शाई विरघळते.

ताजे मासे मिळाले तर मी नक्की करीन, सर. काकूंना नमस्कार.

तुमची विद्यार्थिनी,
तृप्ती


नाशिक
४ ऑक्टोबर १९९९

चि. तृप्ती,
आशीर्वाद.

दोनशे बारा बरण्या आहेत. दर सुट्टीत एसटीने कळवण, तिथून जीपने आणि पुढे पायी. तुझ्या काकूंनी माझ्याबरोबर एक दिवाळी धड पाहिली नाही. फॉर्मालिनच्या वासाने माझा एक डोळा कायमचा चुरचुरतो. आणि मॅडम म्हणतात, वाया गेलं! बरोबरच म्हणत असतील. ज्याने आयुष्यभर लोणचं घातलं त्याला कुणी सांगावं की बियाणं म्हणून ठेवायचं होतं, तसं झालं. राग तुझ्यावर नाही. पण राग आहे, तो कुठे ठेवू ते कळत नाही.

ताजे मासे आणीन. गुडघे कुरकुरतात, तरी वाळू आहेच. करवंदपाड्याचा वाळू बागूल तुला आठवत असेल, कोकणा आदिवासी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. वीस वर्षं तो पुढे आणि मी मागे. त्याच्या हाताला दगडाखालचा मासा कळतो, मला भिंग लावून कळतो. एवढाच आमच्यातला फरक, बाकी पगार मला मिळाला.

वा. ना. प.


हैदराबाद
२८ नोव्हेंबर २०००

आदरणीय सर,
सा. न.

बरेच दिवस पत्र नाही, क्षमा करा. कोर्सवर्क, परीक्षा, मग मॅडमशी विषयावरून वाद. आता ठरलं. गिरणा आणि गोदावरीतल्या मुऱ्यांची वंशावळ. त्यात काळी मुरी हे एक वेगळं प्रकरण असेल! मॅडमना मीच पटवलं. खालच्या नद्यांतले मासे मी स्वतः येऊन गोळा केले, कळवणलाही उतरले होते. तुमच्याकडे यायला जमलं नाही, एकाच दिवसाची परवानगी होती.

कड्याच्या वरचे दहा मासे मला जानेवारीअखेर हवेत. त्यानंतर मशीनची पाळी दुसऱ्या गटाकडे जाते आणि मला वर्षभर मिळत नाही. मैत्रिणीचा भाऊ नाशिकला येतोय, त्याच्याबरोबर अल्कोहोलच्या दोन बाटल्या पाठवते. परत तोच घेऊन येईल.

सर, या वेळी तुमचं म्हणणं कागदावर येईल.

तृप्ती


नाशिक
१५ फेब्रुवारी २००१

चि. तृप्ती,
आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. १९ डिसेंबरला मला हृदयविकाराचा झटका आला. जिना चढताना. दवाखान्यात सतरा दिवस काढले, आता घरी खाटेवर. डॉक्टर म्हणतात मनाला त्रास होईल असं काही ऐकायचं नाही, त्यामुळे तुझ्या काकू वर्तमानपत्रसुद्धा आधी स्वतः वाचून मग देतात.

मासे मिळाले असतील. तुझ्या बाटल्या आल्या तेव्हा मी दवाखान्यात होतो. लेबलं मी तिथेच पेन्सिलीने लिहिली: काळी मुरी, करवंदपाडा, कड्याच्या वर. वाळू भेटायला आला होता, त्याच्या हाती दिली. म्हणालो, तुझ्या सरांचं एवढं एक काम कर, मग मी मेलो तरी चालेल. त्याने मान हलवली. आठ दिवसांत बाटली घेऊन आला आणि काकूंनी ती परस्पर तुझ्या माणसाला दिली. मला डोळ्यांनी पाहायला मिळाली नाही, एवढीच हुरहुर.

आता वाट पाहतो. बाकी मला उद्योग नाही.

वा. ना. प.


हैदराबाद
३० ऑगस्ट २००१

आदरणीय सर,
सा. न.

तब्येत आता बरी असेल. मी हे पत्र चारदा लिहून फाडलं.

तुम्ही स्पष्ट सांग म्हणाला होता. दहाही मासे उत्तम वाचले गेले. त्यांत चार प्रकारच्या अक्षरमाळा मिळाल्या. त्या चारही कळवणजवळच्या गिरणेत मी पकडलेल्या साध्या मुऱ्यांत आहेत, एका अक्षराचाही फरक नाही. वंशावळ काढली की तुमचे मासे साध्या मुरीच्या घोळक्यात मधोमध जाऊन बसतात. काळी मुरी वेगळी नाही, सर. रंग आणि कदाचित ती रेघही पाण्यामुळे बदलत असेल. मॅडमच्या मते कडा हा अडसर नाहीच, मोठ्या पुरात मासे वर जात असणार.

पेपरमध्ये हे एका परिच्छेदात येईल. तुमचं नाव आभारात घातलं आहे.

विज्ञानात असं होतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

तृप्ती


नाशिक
१२ सप्टेंबर २००१

चि. तृप्ती,
आशीर्वाद.

पत्र काकूंनी दोन दिवस दडवून ठेवलं होतं. मग दिलं. वाचलं, पाणी प्यालो, परत वाचलं. काही झालं नाही मला, घाबरू नकोस.

चुकलो असेन तर चुकलो. कलकत्त्याच्या त्या गृहस्थांची मनातल्या मनात माफी मागितली. वीस वर्षं मी त्यांना शिव्या देत होतो. पण आतला मास्तर गप्प बसत नाही, म्हणून दोन प्रश्न विचारतो.

एक. वरचा डोह केवढा, तर आपल्या कॉलेजच्या पोर्चएवढा. असल्या डबक्यात पिढ्यानपिढ्या अडकलेल्या माशांत चार-चार प्रकार टिकले, आणि चारही नेमके नदीतलेच? कडा साठ फुटांचा आहे. पुरात साठ फूट उडी मारणारी मुरी मी पाहिलेली नाही. तुझ्या मॅडमनी पाहिली असेल.

दोन. त्या दहा माशांची रेघ कुठे संपते? भिंग घेऊन बघ आणि एवढंच कळव. बाकी तुझी अक्षरं तुझ्यापाशी.

वा. ना. प.


हैदराबाद
२५ ऑक्टोबर २००१

आदरणीय सर,
सा. न.

तुमचे प्रश्न मॅडमना दाखवले. त्या म्हणाल्या, एवढ्या थोड्या नमुन्यांवरून लोकसंख्येबद्दल असं बोलता येत नाही. रेघेबद्दल सांगायचं तर आम्ही पंखाचा तुकडा घेतल्यावर बाकीचं शरीर ठेवत नाही, जागेचा प्रश्न असतो. त्यामुळे आता तपासता येणार नाही.

पेपर पुढच्या वर्षी छापून येईल. छापील प्रत पाठवते.

काकूंना नमस्कार. दिवाळीच्या शुभेच्छा.

तृप्ती


नाशिक
९ मार्च २००३

तृप्ती,

तुझा पेपर गेल्या वर्षीच मिळाला. पोच दिली नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे.

जानेवारीत डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली. कुणालाही न सांगता कळवणची गाडी धरली. सहा वर्षांनी करवंदपाड्याला गेलो. वाळूने मला पाहिलं आणि तो घरात जाऊन बसला, बाहेर येईना. मी म्हटलं, चल वर जाऊ. म्हणाला, "नका जाऊ सर, तठं काय नाय आता." तरी गेलो. कड्याच्या वर पाझर तलाव झालाय, आम्ही शेवटचे गेलो त्याच्या पुढच्याच वर्षी. डोहाच्या जागी कमरेएवढा गाळ. दगड दिसत नाही, मग दगडाखालचा मासा कुठून दिसणार?

मी विचारलं, मग मला मासे कुठून दिलेस? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "कळवणच्या पुलाखालचे, सर. काळे काळे निवडून घेतले. तुम्ही लय आजारी व्हते. बाई म्हनल्या, सरांना वाईट काय सांगू नको. आन आजारी मानसानं मागितलं त्याला नाय म्हनू नाय, आमच्यात पाप लागतं. मला काय ठावं, ते मासे इतक्या लांब जाऊन बोलतील."

पुलाखालचे! तूही तिथेच उतरली होतीस ना, खालचे मासे धरायला? बरोबर, एका अक्षराचा फरक कसा पडेल. माझ्या हातची लेबलं लावून माझ्याच माशाविरुद्ध मी साक्ष दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वाळूवर ओरडलो. मग घरी येऊन काकूंवर ओरडलो. दोघांनीही ऐकून घेतलं. मला जगवण्यासाठी दोघांनी केलं, आता त्यांना काय फाशी देऊ?

पण पुढचं ऐक. वाळूलाही ते लागलं होतं. त्यानंतर तो महिनाभर डोंगरात हिंडला. शेजारच्या धाकट्या ओहळात, त्याच्याही कड्याच्या वर, त्याला मिळाल्या. परवा तेलाच्या डब्यात पाणी घालून एसटीने तीन जिवंत मुऱ्या घेऊन नाशिकला आला. वाटेत प्रत्येक स्टँडवर पाणी बदललं म्हणे. मी भिंग लावलं. रेघ शेपटीपर्यंत. तिन्हींची. म्हातारा माणूस चांगला हुंदके देऊन रडला, लिहायला लाज वाटत नाही.

तिन्ही मासे अल्कोहोलमध्ये, हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबरच पाठवतो आहे. लेबल मीच लिहिलंय आणि या वेळी मासे मी पाहिलेत.

घाई अशासाठी, की धाकट्या ओहळावरही बंधारा मंजूर झालाय, दिवाळीनंतर काम सुरू. पाड्याला पाणी हवंच, मी त्याच्या आड येणारा नाही, वाळूच्या सुनेला उन्हाळ्यात दोन मैलांवरून हंडे आणावे लागतात. माझं म्हणणं एवढंच, की बंधारा कड्याच्या खाली चारशे पावलांवर घ्या. पाणी तेवढंच अडेल आणि मासाही राहील. तसा अर्ज करतो आहे. तुझ्या पेपरातले नमुने चुकीच्या जागेचे होते, एवढं दोन ओळींत लिहून दे.

वा. ना. पगार


हैदराबाद
२ एप्रिल २००३

आदरणीय सर,
सा. न.

पत्र वाचून धक्का बसला. मासे मिळाले. मी ते लवकरच मशीनला लावते.

दोन ओळींबद्दल मात्र थोडा वेळ द्या. छापलेल्या पेपराबद्दल असं सुटं पत्र देता येत नाही, मॅडमशी बोलावं लागेल आणि त्या दौऱ्यावर आहेत. शिवाय सप्टेंबरच्या आसपास माझी इथल्या विद्यापीठात लेक्चरर म्हणून मुलाखत आहे. पॅनेलपुढे माझा मुख्य पेपर हाच आहे. सर, तुम्ही समजून घ्याल. मी नाही म्हणत नाहीये, फक्त योग्य वेळी करू या.

तृप्ती


नाशिक
१४ जून २००३

तृप्ती,

अर्जाचं उत्तर आलं. पाटबंधारे खात्यात बोलावलं होतं. साहेब बोलायला चांगले, चहा पाजला. मग फाईल उघडून तुझ्या पेपराची झेरॉक्स माझ्यापुढे सरकवली. कुठून मिळवली कोण जाणे. तो परिच्छेद लाल पेनाने अधोरेखित केलेला. खाली आभारात माझं नाव, तेही अधोरेखित. म्हणाले, "सर, या भागात वेगळी जात नाही असं शास्त्रज्ञांनीच लिहिलंय. आणि मासे तर तुम्हीच दिलेले दिसतात!" मी सगळं सांगितलं, वाळू, दवाखाना, पूल. ते मान डोलावत राहिले. म्हणाले, ज्यांनी पेपर लिहिला त्यांचं पत्र आणा, दसऱ्याच्या आत. मग बंधाऱ्याची जागा बदलायचा प्रस्ताव वर पाठवतो.

म्हणजे माणूस ऐकायला तयार आहे. सगळं तुझ्यावर अडलंय. तुझी मुलाखत तुला मोठी आहे हे मी समजतो, मीही नोकरी केली आहे. पण नोकऱ्या पुन्हा निघतात. हा मासा पुन्हा निघत नाही.

आणखी एक गंमत सांगतो. मासा खरोखर होता आणि गेला, तर निदान कुठल्या तरी यादीत गेलेल्यांत त्याची नोंद होते. तुझ्या पेपराप्रमाणे तो कधी नव्हताच. जो नव्हताच तो मरणार कसा? बंधारा बांधणाऱ्याच्या अंगाला रक्ताचा शिंतोडासुद्धा नाही. किती सोयीचं!

दोन ओळी, तृप्ती. मॅडम नकोत, मशीन नको.

वा. ना. प.


(नाशिकहून २० जुलै, १८ ऑगस्ट आणि २५ सप्टेंबर २००३ या तारखांची तीन पोस्टकार्डं गेली. तिन्हींवर एकच मजकूर: "पत्राची वाट पाहतो. वा. ना. प.")


हैदराबाद
१८ जानेवारी २००४

आदरणीय सर,
सा. न.

कोणत्या तोंडाने लिहू. तुमच्या एकाही कार्डाला उत्तर दिलं नाही. मुलाखत लांबत लांबत नोव्हेंबरवर गेली आणि मी रोज म्हणत राहिले, एकदा ती होऊ दे. निवड झाली. त्याच आठवड्यात मी दुरुस्तीची टीप पाठवली, ती या महिन्याच्या अंकात छापून आली आहे. पान सोबत जोडलंय. तुम्ही ते साहेबांना दाखवू शकता.

तुमचे तीन मासे मी मे महिन्यातच वाचले होते. सर, फरक थोडाथोडका नाही. साध्या मुरीपासून ते इतके दूर आहेत की मी तिन्ही पुन्हा मशीनला लावून पाहिले. लाखो वर्षांचं अंतर आहे. तुम्ही बरोबर होतात. १९८२ सालीही बरोबर होतात. मला मे महिन्यात कळलं होतं आणि मी तुम्हाला कळवलं नाही.

आणखी एक सांगायचं आहे, नाही तर मला झोप लागणार नाही. २००१ मध्ये पंख कापताना मी त्या दहा माशांना भिंग लावलं होतं. तुमचीच सवय. दहाही माशांची रेघ मधे संपत होती. मला तेव्हाच कळलं, की एकतर सर वीस वर्षं चुकत आले, नाही तर हे सरांचे मासे नाहीत. दुसरं मानलं असतं तर माझं वर्ष गेलं असतं. म्हणून पहिलं मानलं. शरीरं ठेवत नाही असं तुम्हाला लिहिलं, ते खोटं होतं. तुमचं पत्र आल्यावर मी ती टाकली.

नव्या जातीचं वर्णन आता मी आणि मॅडम लिहिणार आहोत. तिला तुमचं नाव द्यावं अशी माझी फार इच्छा आहे. परवानगी द्या, सर. टिपेचे शब्द मॅडमनी ठरवले आहेत, ते तेवढे मनावर घेऊ नका.

तुमची,
तृप्ती


नाशिक
१ मार्च २००४

तृप्ती,

पत्र आणि पान दोन्ही मिळालं. दसरा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होऊन गेला. साहेबांनी दिवाळीपर्यंत थांबून पाहिलं, त्यांना दोष देणार नाही. वरातीमागून घोडं आलं. नोव्हेंबरच्या शेवटी यंत्र चढलं. गेल्या आठवड्यात मी आणि वाळू जाऊन आलो. ओहळ वळवलाय, दगड फोडून भिंतीत बसवलेत. वाळूने दोन तास खालच्या पाण्यात हात घालून पाहिले, नखाएवढी मुरी लागली नाही. पाड्यातली माणसं खूश आहेत, त्यांना व्हायलाच हवं. भिंत चारशे पावलं खाली असती तरी तेवढीच खूश असती.

मी बरोबर होतो हे कळल्यावर मला काही वाटेल असं तुला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं, वीस वर्षं. काहीच वाटलं नाही. तू खोटं लिहिलंस तेही फार लागलं नाही. तू माझी विद्यार्थिनी आहेस, भिंग लावायला शिकवलं तो मीच, आणि दिसलेलं सांगायचं असतं हे शिकवायचं माझ्याकडून राहिलं असणार.

माझं नाव त्या माशाला देऊ नकोस. परवानगी नाही. हे लेखी समज.

आता तुझ्या टिपेबद्दल. इंग्रजी माझं बेताचं, म्हणून तीनदा वाचली. मूळ पेपरातले नमुने स्थानिक संकलक वाळू बागूल याने चुकीच्या ठिकाणाहून आणून दिशाभूल केल्यामुळे निष्कर्ष सदोष ठरले, असा तिचा अर्थ होतो. त्याच्या गावाचं नावही दिलंय. त्या दहा माशांची रेघ कुणी पाहिली होती, ते कुठेही नाही. धाकट्या ओहळातले तीन मासे डब्यातून कुणी आणले, तेही नाही. तिथे फक्त "नंतर मिळालेले नमुने" असं आहे. कुणी दिले नाहीत, मिळाले. वीस वर्षांत माझ्या एकाही टिपणात मी वाळूचं नाव घातलं नव्हतं, हे मला त्या पानावर कळलं. तुझ्या आभारातही ते नव्हतं. म्हणजे त्याचं नाव पहिल्यांदा छापून आलं ते असं.

परवा तो नाशिकला आला होता. टेबलावर ते पान पडलेलं. त्याला वाचता येत नाही, पण शाळेत जाणाऱ्या नातीने शिकवल्यापासून स्वतःचं नाव ओळखतो, इंग्रजीतलंसुद्धा. बोट ठेवून म्हणाला, "सर, हे माझं नाव हाय ना? काय लिवलंय?"

तृप्ती, मी एकोणचाळीस वर्षं शिकवलं. पोरांनी विचारलं आणि मी खोटं सांगितलं, असं आठवत नाही.

मी सांगितलं, "ते खरे मासे तू शोधलेस, असं लिहिलंय."

त्याने त्या ओळीवरून हळूच बोट फिरवलं. मग म्हणाला, "पोरींना दाखवतो," आणि पान मागून घेतलं. घडी पडू नये म्हणून वहीत घालून नेलं. त्याच्या घरी समोरच्या भिंतीवर काचेत लावलंय, असा निरोप काल आला.

यापुढे पत्र पाठवू नकोस.

वा. ना. पगार